थुंबाचं स्पेस म्युझियम : केरळ ट्रिपमधे एक अख्खी सकाळ इथे काढा

केरळला जाणारी आपल्याकडची माणसं मुन्नार बघतात, अलेप्पीला हाउसबोट करतात, पद्मनाभस्वामींचं दर्शन घेतात, कोवलमला पाय भिजवतात आणि परतीची गाडी पकडतात. पण तिरुवनंतपुरम शहराच्या अंगालाच थुंबा आहे, भारतातून उडालेलं पहिलं रॉकेट तिथून उडालंय, आणि ज्या चर्चमधे बसून त्या रॉकेटची तयारी झाली त्याच चर्चमधे आज इस्रोच्या व्हीएसएससीचं म्हणजे विक्रम साराभाई स्पेस सेंटरचं म्युझियम आहे, हे माहीत असणारेसुद्धा तिकडे वळत नाहीत. मला हे मनापासून खटकतं म्हणून जरा सविस्तर लिहितोय. आधीच सांगतो, माझ्याकडून पाचपैकी पाच. का ते वाचा आणि मग तुमचं तुम्ही ठरवा.

आम्ही तिघं गेलो होतो. मी, माझी नववीतली मुलगी आणि माझे मामा. मी कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. मामा वालचंदनगरच्या कारखान्यातून रिटायर झालेले, फॅब्रिकेशनचा माणूस, त्यांचा विषय पुढे येईलच. रत्नागिरीतून नेत्रावती पकडली, खिडकीतून सगळं कोकण, गोवा, मंगळूर बघत बघत केरळात उतरलो, प्रवास लांबचा आहे पण कंटाळा येत नाही. ज्या टूरवाल्याकडे आधी चौकशी केली होती त्याच्या यादीत थुंबा नव्हतंच, 'तिथं काय बघायचं साहेब, एक जुनं चर्च आहे' असं म्हणाला. मग टूरच नको म्हटलं, आपलं आपण गेलो.

तर चर्चपासूनच सुरू करतो कारण खरी बघायची गोष्ट तीच आहे. सेंट मेरी मॅग्डलीन चर्च. सोळाव्या शतकापासून या जागी चर्च होतं असं सांगतात, आत्ताची इमारत विसाव्या शतकातली. समुद्र अगदी जवळ, नारळाची झाडं, वाळू, आणि आसपास अजूनही मासेमारी करणारी गावं. १९६० च्या सुमाराला विक्रम साराभाई रॉकेट उडवायला जागा शोधत होते तेव्हा त्यांच्यासोबत जे लोक जागा बघत फिरले त्यात एकनाथ चिटणीस होते, आणि चिटणीसांचा जन्म कोल्हापूरचा! आमच्या गावातल्या किती पोरांना हे माहीत असेल? शंभरी गाठलेला माणूस, इस्रो नावाचं काही नव्हतं तेव्हापासून या कामात होता, आणि आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर एक ओळ नाही. असो. तो राग वेगळ्या ठिकाणी काढीन.

थुंबाच का, हा प्रश्न मुलीने तिथल्या गाइडना पहिल्या पाच मिनिटांत विचारला. गाइड म्हणजे तिथलेच एक वयस्कर कर्मचारी, हिंदी मोडकंतोडकं पण समजावून सांगायची हौस दांडगी. त्यांनी आधी तिलाच विचारलं, होकायंत्राची सुई माहितीय ना, ती जर दोऱ्याने अधांतरी टांगली तर काय होईल? तर आपल्याकडे ती एका बाजूला कलते, उत्तरेकडे जाल तशी जास्त कलते, पण पृथ्वीवर एक रेषा अशी आहे की जिथे ती सुई अगदी आडवी राहते, त्याला भूचुंबकीय विषुववृत्त म्हणतात, आणि साठच्या दशकात ती रेषा थुंबाच्या अगदी जवळून जात होती. (ती रेषा हळूहळू सरकत असते, त्यामुळे आज ती तिथेच नाहीये.) आता या रेषेवर, जमिनीपासून साधारण १०० ते ११० किलोमीटर उंचीवर दिवसा विजेचा एक प्रचंड प्रवाह वाहत असतो, त्याला इक्वेटोरियल इलेक्ट्रोजेट म्हणतात, आणि जगभरातल्या शास्त्रज्ञांना त्याचा अभ्यास करायचा होता. पण करणार कसा? फुगे सोडले तर ते ४० किलोमीटरच्या आसपास थांबतात, उपग्रह फिरतात ते २०० किलोमीटरच्या वर, मधल्या पट्ट्यात जाऊन मोजमाप करून खाली येणारी एकच वस्तू आहे, साउंडिंग रॉकेट. सरळ वर जायचं, काही मिनिटं आकडे पाठवायचे आणि समुद्रात पडायचं. म्हणून समुद्रकाठ पाहिजे आणि म्हणून ती रेषा पाहिजे. दोन्ही गोष्टी एकत्र थुंबाला मिळाल्या.

मुलगी हे सगळं वहीत लिहून घेत होती. शाळेत चुंबकसूची वगैरे शिकवतात तेव्हा मार्कांपुरतं लिहितात पोरं, पण त्याच धड्यामुळे एका देशाचा अवकाश कार्यक्रम कुठे सुरू व्हायचा ते ठरलं, हे कळल्यावर तिच्या तोंडावर जे आलं ना ते बघायलाच मी एवढा प्रवास केला असं समजा.

जागा मिळाली पण तिथे गाव होतं, चर्च होतं, बिशपचं घर होतं, माणसं राहत होती. बिशप होते पीटर बर्नार्ड परेरा. साराभाई त्यांना भेटले, त्यांनी लगेच हो नाही काही सांगितलं नाही, रविवारच्या प्रार्थनेला या म्हणाले. अब्दुल कलामांनी ही आठवण कितीतरी वेळा सांगितली आहे, की बिशपनी भर प्रार्थनेत लोकांपुढे विषय मांडला, विज्ञान आणि धर्म दोन्ही माणसाच्या भल्यासाठीच आहेत, आपण देवाचं घर या कामासाठी द्यायचं का असं विचारलं, आणि सगळं चर्च आमेन म्हणालं. लोक तिथून उठले, त्यांच्यासाठी दुसरीकडे घरं आणि नवीन चर्च बांधलं गेलं, आणि इथे सुमारे ६०० एकर जागेवर थुंबा इक्वेटोरियल रॉकेट लाँचिंग स्टेशन उभं राहिलं. चर्चची लॅब झाली, बिशपच्या घरात ऑफिस आलं, गुरांच्या गोठ्यातसुद्धा काम चालायचं.

आज आपण म्युझियममधे उभे असतो ती जागा म्हणजे तीच लॅब. आत गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो, चप्पल काढावी का असं मामांनी मला कानात विचारलं. नाही काढावी लागत. पण विचारावंसं वाटलं यातच सगळं आलं.

आता पहिल्या रॉकेटबद्दल. २१ नोव्हेंबर १९६३. रॉकेट अमेरिकेचं, नायकी-अपाची नावाचं, त्यात वर नेलेलं सामान फ्रान्सचं, आणि जमीन, माणसं, घाम आपला. त्या दिवशी रॉकेट लाँचरवर चढवताना क्रेनच्या हायड्रॉलिकमधे गळती सुरू झाली आणि शेवटी माणसांनी हाताने जोर लावून ते जागेवर बसवलं. हे ऐकताना मामा नुसते मान डोलावत होते, कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला ऐनवेळी गळणारं हायड्रॉलिक काय असतं ते सांगावं लागत नाही.

रॉकेट उडवलं ते संध्याकाळी, दिवस मावळताना. ही वेळ का, तर त्यात सोडियमची वाफ होती. वर गेल्यावर ती वाफ सोडायची, त्याचा ढग होतो, आणि खाली अंधार पडलेला असला तरी तेवढ्या उंचीवर अजून ऊन पोचत असतं, त्यामुळे तो ढग केशरी रंगात झळकतो. मग वेगवेगळ्या ठिकाणांहून त्याचे फोटो काढायचे, ढग कसा वाकतो, किती वेगाने सरकतो ते मोजायचं, आणि त्यावरून तेवढ्या उंचीवरच्या वाऱ्याची दिशा नि वेग काढायचा. भर दुपारी उडवलं असतं तर ढग दिसलाच नसता आणि रात्री उशिरा उडवलं असतं तर त्याच्यावर ऊन पडलं नसतं. इतकी साधी आणि इतकी हुशारीची गोष्ट आहे ही, मला स्वतःला हे माहीत नव्हतं, मी आपला समजत होतो की पहिलं रॉकेट म्हणजे नुसतं उडतंय का बघायला उडवलं असणार.

आतल्या भागात रॉकेटांची मॉडेल्स आहेत, आर्यभट्टचं मॉडेल आहे, सुरवातीच्या दिवसांचे फोटो आहेत. आर्यभट्ट १९ एप्रिल १९७५ ला सोव्हिएत रशियातल्या कापुस्तिन यारहून गेला, आपल्याकडे तेव्हा उपग्रह वर न्यायची ताकद नव्हती. ती ताकद आली एसएलव्ही-३ मुळे. १० ऑगस्ट १९७९ ला पहिला प्रयत्न फसला, आणि १८ जुलै १९८० ला त्याच रॉकेटने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. प्रोजेक्ट डायरेक्टर कलाम होते आणि तेव्हा व्हीएसएससीचे डायरेक्टर होते वसंत गोवारीकर. आपले गोवारीकर! पुढे मान्सूनच्या अंदाजाचं सोळा घटकांचं मॉडेल त्यांच्याच नावाने ओळखलं गेलं, पुणे विद्यापीठाचे कुलगुरूही झाले, पण त्यांचं मूळ काम रॉकेटचं घन इंधन. आणखी एक नाव म्हणजे प्रमोद काळे, जन्म पुण्याचा, थुंबाच्या अगदी सुरवातीच्या टीममधले आणि पुढे व्हीएसएससीचे संचालक. मी मुलीला म्हटलं बघ, चिटणीस, गोवारीकर, काळे, तर ती म्हणाली बाबा तुम्ही आडनावंच मोजताय. पण मोजावीशी वाटतात, त्याला काय करणार.

रोहिणी नावाचा उपग्रह वेगळा, त्याच नावाची साउंडिंग रॉकेटांची मालिका आहे, तिच्यातलं सगळ्यात पहिलं आरएच-७५. २० नोव्हेंबर १९६७ ला उडालं, हे पूर्ण आपलं स्वतःचं. आरएच म्हणजे रोहिणी आणि ७५ म्हणजे त्याचा व्यास, ७५ मिलिमीटर. परत वाचा, मिलिमीटर. एका हाताच्या पंजाने धरता येईल एवढी जाडी. आज एलव्हीएम-३ च्या बाजूला जे दोन एस-२०० बूस्टर असतात त्यांचा प्रत्येकाचा व्यास ३.२ मीटर आहे, आणि प्रत्येकात २०० टनांच्या आसपास घन इंधन असतं. ७५ मिलिमीटरपासून ३.२ मीटरपर्यंत. चांद्रयान-३ ला १४ जुलै २०२३ ला ज्याने वर नेलं तेच हे एलव्हीएम-३. मी त्या छोट्या रॉकेटपुढे बराच वेळ उभा होतो, खरं सांगायचं तर मोठ्या मॉडेल्सपेक्षा जास्त वेळ.

आणि इथे माझ्या धंद्याचा विषय निघाला. मला वाटायचं घन इंधन म्हणजे दिवाळीच्या बाणातल्यासारखी दारू ठासून भरत असतील. तसं नाहीये. अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची पावडर आणि एचटीपीबी नावाचं रबरासारखं बाइंडर, हे सगळं एकत्र घोटून घट्ट पिठल्यासारखं करतात आणि केसिंगमधे म्हणजे रॉकेटच्या बाहेरच्या नळकांड्यात ओततात. ओततात! म्हणजे कास्टिंग! मधे एक मँड्रेल म्हणजे साच्यासारखा दांडा उभा असतो, इंधन पिकून घट्ट झालं की तो मँड्रेल ओढून काढायचा, मग मधे पोकळ जागा राहते, कधी चांदणीच्या आकाराची कधी गोल. आमच्याकडे मोल्डमधे कोअर ठेवतात ते याच्यासाठीच, मधली पोकळी पाहिजे म्हणून. गाइडना मी विचारलं की पोकळी कशाला, भरीव का नको, तर ते म्हणाले इंधन आतून बाहेर जळत जातं, आतला पृष्ठभाग जेवढा जास्त तेवढा जोर जास्त, त्यामुळे पोकळीचा आकार ठरवला की कोणत्या सेकंदाला किती जोर मिळणार ते ठरतं. एकदा पेटलं की विझवता येत नाही, नळ बंद करता येत नाही, जे काय कंट्रोल करायचं ते सगळं त्या आकारातच आधी करून ठेवायचं.

मग मी त्यांना ब्लो होलचं विचारलं. कारण आमच्याकडे सगळा जीव त्याच्यात जातो, धातूत हवेचा बुडबुडा राहिला की पीस रिजेक्ट. तर त्यांच्याकडेही तेच दुखणं, फक्त फरक असा की आमचा पीस भंगारात जातो आणि इंधनात बुडबुडा किंवा चीर राहिली तर तिथे जळायचा पृष्ठभाग अचानक वाढतो, दाब वाढतो, आणि केसिंग फुटू शकतं. म्हणून हवा काढून व्हॅक्यूममधे ओततात आणि नंतर अख्ख्या सेगमेंटचे म्हणजे इंधन भरलेल्या एकेका तुकड्याचे एक्स-रे काढतात. मी त्यांना माझं काम सांगितल्यावर गडी एवढा खूश झाला की पुढची वीसेक मिनिटं आम्ही दोघंच बोलत होतो आणि बाकीचे पुढे निघून गेले.

मामांची वेळ आली ती पीएसएलव्हीच्या म्हणजे इस्रोच्या उपग्रह सोडणाऱ्या रॉकेटच्या मॉडेलपाशी. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा म्हणजे एस-१३९, व्यास २.८ मीटर, पाच सेगमेंट एकमेकांना जोडून बनतो. केसिंग मॅरेजिंग स्टीलचं, म्हणजे खास मजबूत पोलादाचं. आणि ही केसिंग बनवणाऱ्या कारखान्यांपैकी एक आपलं वालचंदनगर, इंदापूर तालुक्यात, चारी बाजूंनी ऊस. मामा तिथे फॅब्रिकेशनला होते. ते या कामावर थेट किती होते ते कधी फारसं बोलले नाहीत, तिथली जुनी माणसं अशी बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र नातीला जवळ घेतलं आणि मॉडेलवर बोट ठेवून म्हणाले, 'हे बघ बाळा, हा जो खालचा पांढरा भाग दिसतोय ना, ही रिंग न् रिंग आमच्या शॉपमधनं गेलीय.' ती म्हणाली, 'मामाआजोबा, तुम्ही रॉकेट बनवलं?' तर म्हणतात, 'मी नाही गं. मी आपला जॉइंट बघायचो. जॉइंटला केसाएवढी जागा जरी राहिली तरी माल परत.' मग गाइडना त्यांनी मराठीतच काहीतरी विचारलं, गाइडनी मल्याळममधे हिंदी मिसळून उत्तर दिलं, आणि दोघं हाताने गोल गोल दाखवत काय बोलले देव जाणे पण दोघांनाही समजलं. शेवटी गाइडनी मामांचा हात दोन्ही हातात धरला आणि 'यू आर अवर मॅन' असं म्हणाले. मामांचे डोळे भरून आले. आमचेही.

हे सांगायचं कारण असं की महाराष्ट्रात अशी घरं खूप असणार. वालचंदनगर आहे, विक्रोळीत गोदरेज आहे जिथे विकास नावाच्या रॉकेट इंजिनाचं काम होतं, पवईला एल अँड टी आहे. तुमच्या घरातलं कोणी अशा ठिकाणी काम करून रिटायर झालं असेल तर त्यांना घेऊन जा. टीव्हीवर लाँच बघणं वेगळं आणि तिथे जाऊन बघणं वेगळं.

फोटोंचा एक विषय सांगायलाच पाहिजे कारण व्हॉट्सॲपवर फार घोळ होतो. सायकलच्या कॅरिअरवर रॉकेटचा पुढचा भाग ठेवून दोघं चाललेत, तो फोटो थुंबाचा, साठच्या दशकातला. तेव्हा तिथे खरोखरच गाड्या नव्हत्या, पैसा नव्हता, सायकलवरूनच सामान न्यायचे. आणि बैलगाडीवर उपग्रह ठेवलेला फोटो आहे तो थुंबाचा नाही, तो बंगलोरचा, ॲपल उपग्रहाचा, जो १९८१ साली युरोपच्या एरियान रॉकेटमधून गेला. तिथे बैलगाडी गरिबीमुळे नव्हती. उपग्रहाच्या अँटेनाची टेस्ट करायची होती, आसपास धातू असला की सिग्नल गडबडतो, ट्रकवर ठेवला तर ट्रकच आडवा येणार, म्हणून लाकडी बैलगाडी! लोक हे दोन्ही फोटो एकत्र चिकटवून 'बघा आपण कुठून कुठे आलो' असं लिहितात, त्यातल्या दुसऱ्या फोटोत गरिबी नाहीच, डोकं आहे. मुलांना हा फरक नीट सांगा.

नववी-दहावीच्या मुलांना घेऊन जाणार असाल तर आणखी एक प्रश्न हमखास येईल, तो म्हणजे जर सगळं थुंबाला सुरू झालं तर चांद्रयान श्रीहरिकोटाहून का? याचं उत्तर नकाशा उघडून द्या. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तिच्या फिरण्याचा फुकट वेग मिळावा म्हणून उपग्रह शक्यतो पूर्वेकडे सोडतात. थुंबा पश्चिम किनाऱ्यावर, तिथून पूर्वेला सोडलं तर रॉकेट माणसांच्या डोक्यावरून जाणार, त्याचे जळालेले टप्पे वस्तीवर पडू शकतात. श्रीहरिकोटा पूर्व किनाऱ्यावर, पुढे मोकळा बंगालचा उपसागर. साउंडिंग रॉकेटला कक्षेत जायचंच नसतं, ते अरबी समुद्रावर सोडलं की झालं, म्हणून थुंबा त्यासाठी अजूनही चालतं. आज व्हीएसएससीचं मुख्य काम रॉकेट डिझाइन करायचं, उपग्रह बनतात बंगलोरला, आणि उडतं सगळं श्रीहरिकोटाहून. गगनयानच्या चार अंतराळवीरांची नावं पंतप्रधानांनी जाहीर केली ती पण इथेच, २७ फेब्रुवारी २०२४ ला, त्यातले शुभांशू शुक्ला २०२५ मधे अंतराळ स्थानकावर जाऊनसुद्धा आले.

थुंबाला अजूनही जे उडतं ते मुख्यतः आरएच-२००. व्यास २०० मिलिमीटर. हे ७०-८० किलोमीटर वर जातं आणि तिथे तांब्याचा मुलामा असलेले केसासारखे बारीक तंतू सोडतं, ते वाऱ्याबरोबर वाहत खाली येतात, खालून रडारने त्यांचा माग काढायचा की त्या उंचीवरचा वारा कळतो. म्हणजे १९६३ ला सोडियमच्या ढगाने जे केलं तेच काम, पद्धत वेगळी. नोव्हेंबर २०२२ मधे आरएच-२०० चं लागोपाठ २०० वं यशस्वी उड्डाण झालं. लागोपाठ दोनशे! याची बातमी कुठे कोपऱ्यात आली असेल नसेल. चांद्रयान उतरलं तेव्हा आपण सगळे रस्त्यावर आलो आणि यायलाच पाहिजे होतं, पण एकच काम दोनशे वेळा न चुकता करणं काय असतं हे कारखान्यात काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

कित्येक वर्षं बुधवारी हे रॉकेट उडवायचा प्रघात आहे. आम्ही गेलो तेव्हा उड्डाण नव्हतं, ते बघायला मिळालं असतं तर सोन्याहून पिवळं. तुम्ही जाण्याआधी चौकशी करून बघा.

आता जरा कामाच्या गोष्टी. हे थीम पार्क नाही. अमेरिकेतल्या केनेडी स्पेस सेंटरचे व्हिडिओ बघून, राइड्स, सिम्युलेटर, भलामोठा शो अशी अपेक्षा ठेवून गेलात तर हिरमोड होईल. जागा आटोपशीर आहे आणि बरंचसं वाचून, विचारून समजून घ्यायचं आहे, अगदी लहान मुलं म्हणजे दुसरी-तिसरीतली असतील तर ती बाहेरची रॉकेटं बघून खूश होतील पण आत फार वेळ टिकणार नाहीत. सातवीच्या पुढची मुलं मात्र नक्की न्या. आणि जाताना तयारी करून जा, गाडीत बसल्या बसल्या मुलांना साराभाई कोण, बिशप परेरा कोण, इलेक्ट्रोजेट काय, एवढं जरी सांगितलंत तरी तिथल्या प्रत्येक वस्तूला अर्थ येतो. कोरं डोकं घेऊन गेलात तर टूरवाला म्हणतो तसं जुनं चर्चच दिसेल.

सरकारी सुरक्षा असलेली जागा आहे त्यामुळे सगळ्यांचं फोटो ओळखपत्र सोबत ठेवा, मुलांचं पण. वेळा, सुट्टीचे दिवस, मोबाइल-कॅमेऱ्याचे नियम हे बदलत असतात तेव्हा निघायच्या आधी व्हीएसएससीच्या वेबसाइटवर बघून घ्या. सकाळी लवकर पोचा, दुपारी दमट उकाडा असतो. भाषेची अडचण येत नाही, इंग्रजी-हिंदीवर भागतं, आणि प्रश्न विचारायला लाजू नका. आमचं निम्मं शिक्षण प्रश्नांमुळे झालं, नुसतं बघत गेलो असतो तर तासाभरात बाहेर.

बाहेर पडल्यावर रस्त्यालगतच्या टपरीवर चहा आणि पळमपोरी म्हणजे पिकल्या केळ्याची भजी घ्या, भारी लागतात. वेळ असेल तर त्याच दिवशी शहरातलं प्रियदर्शिनी तारांगण जोडून घेता येतं. आणि संध्याकाळी कोवलमला जाणारच असाल तर एवढं लक्षात ठेवा की साराभाईंनी शेवटचा श्वास तिथेच घेतला, ३० डिसेंबर १९७१ ला, वय फक्त ५२, थुंबाच्याच कामासाठी आले होते. त्यांच्यानंतर या केंद्राला त्यांचं नाव दिलं.

एक विनंती मात्र आहे, शाळांना. आपल्याकडे सहली ठरलेल्या, किल्ले, वॉटर पार्क, फार तर मुंबईचं नेहरू सायन्स सेंटर. किल्ले तर दाखवायलाच हवेत, त्यात वाद नाही. पण दहावीच्या आधी एकदा तरी विज्ञानाची गोडी असलेल्या वीस-पंचवीस मुलांची बॅच करून थुंबाला न्या, कोकण रेल्वेने स्लीपरचं तिकीट काढलं तर खर्च आवाक्यात बसतो. कोणी शिक्षक प्लॅन करत असतील तर प्रवास, राहणं, काय आधी वाचायचं हे सगळं सांगायला मी तयार आहे, खाली विचारा. आणि मामा तर म्हणालेत की मुलांबरोबर ते परत यायला तयार आहेत, जॉइंट दाखवायला.